रुईफुलाचा काठ

आमच्या बाईंच्या एकाही साडीला काठ नव्हता. दुकानातून आणल्या तेव्हा होते. बाईंनी त्या साड्या धुऊन, वाळवून, फरशीवर पसरून काठ कात्रीने सरळ कापून काढले आणि उघड्या कडा दुमडून हाताने शिवल्या. बाई उंच, किडकिडीत. त्या साडीत चालत आल्या की कुणीतरी फोटो लावून चौकट घालायला विसरलंय असं वाटायचं. ठाकुर्लीला आमच्या चाळीत त्यांचं नावच पडलं होतं, ‘बिनकाठाच्या बाई’. विधवा आहेत म्हणून तसं नेसतात, असं काहींचं मत. परिस्थिती नाही, काठ विकले असतील, असं सावंतकाकूंचं मत. नुसते काठ कोण विकत घेतं, हे सावंतकाकूंना कुणी विचारलं नाही, कारण त्यांना उलट प्रश्न विचारायची आमच्या चाळीत पद्धत नव्हती.

काठ आमच्याकडे होते. सहा साड्यांचे बारा काठ. अकरा मुलींना एकेक आणि बारावा बाईंचा स्वतःचा. रविवारी सकाळी सातला आम्ही चाळीमागच्या पायवाटेने खाडीच्या बाजूला जायचो. तिथे तिवरांच्या अलीकडे गवताचं मोठं मोकळं रान होतं. प्रत्येकीची जागा ठरलेली. तिथे जाऊन काठाची गुंडाळी सोडायची, जमिनीवर गोल रिंगण घालायचं आणि कडेला बसून अर्धा तास आत बघायचं. बोलायचं नाही, उठायचं नाही. “रिंगणाबाहेरचं जग आज तुमचं नाही,” बाई म्हणायच्या. “आत आहे तेवढंच बघा. पुरून उरेल.” निघताना काठ गुंडाळून घरी न्यायचा, जागेवर काही सोडायचं नाही. हा नियम सगळ्यात कडक होता आणि तोच मी मोडला, पण ते पुढे येईल.

माझा काठ डाळिंबी रंगाचा, त्यावर पिवळ्या रुईफुलांची ओळ. त्याच साडीचा दुसरा काठ बाईंनी स्वतःला ठेवला होता. माझा आणि बाईंचा काठ एकच, या गोष्टीचा मला केवढा तोरा होता! तेव्हा मी सातवीत होते.

बाई शिक्षिका नव्हत्या. एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या लॅबमध्ये त्या तीस वर्षं नोकरीला होत्या. सूक्ष्मदर्शकाच्या काचा पुसायच्या, विद्यार्थ्यांसमोर मांडायच्या, तास संपला की पुन्हा पुसून ठेवायच्या. आम्ही ‘टीचर’ म्हटलं की चिडायच्या. “मी शिकवत नाही गं. मी काचा पुसलेली बाई आहे. तीस वर्षं दुसऱ्यांनी बघावं म्हणून पुसल्या. आता मी बघणार आणि माझ्याबरोबर तुम्ही.” निवृत्त झाल्यावर त्या आमच्या चाळीसमोरच्या इमारतीत राहायला आल्या. येताना लॅबमध्ये उरलेली जर्नलं रद्दीत जाणार होती, ती मागून आणली. एका बाजूला रेघा, एका बाजूला कोरं. त्यात आमच्या नोंदी असायच्या.

हे सगळं फक्त शरदात. गणपती गेले की पुढच्या रविवारी सुरू आणि तुळशीचं लग्न लागलं की बंद. पावसाळ्यात का नाही, असं एकदा विचारलं तर म्हणाल्या, “पावसाळ्यात सगळंच हिरवं. डोळे मिटले तरी दिसतं. आता ऊन तापायला लागलं की एकेक गवत आपापल्या वेळेला पिवळं पडतं, बी टाकतं. कोण आधी, कोण नंतर, कोण शेवटपर्यंत तग धरतं, ते बघायला बसावं लागतं.” खरंच बसल्याशिवाय ते दिसत नसे. पहिल्या रविवारी मला माझ्या रिंगणात फक्त गवत दिसलं. चौथ्या रविवारी त्यात पाच प्रकारचं गवत होतं, टाकळ्याच्या शेंगा होत्या, कुर्डूचे गुलाबी तुरे होते आणि मुंग्यांची एक वाट होती, जी माझ्या रिंगणात पूर्वेकडून येऊन आघाड्याच्या बुंध्याशी कुठेतरी गडप व्हायची. ती कुठे जाते याचा मला ध्यास लागला होता.

मुलीच का, मुलगे का नाहीत, हा प्रश्न माझ्या पप्पांनी विचारला होता. बाई प्रत्येकीच्या घरी परवानगी मागायला स्वतः जायच्या. आमच्याकडे आल्या तेव्हा आई ब्लाउजांना हुक लावत बसली होती. कल्याणच्या एका टेलरचं काम घरी आणायची ती. बाई खुर्चीवर बसल्याच नाहीत. आईशेजारी बसकण मारली, सुईत दोरा ओवला आणि बोलता बोलता चार ब्लाउजांचे हुक लावून मोकळ्या झाल्या. पप्पा म्हणाले, “मुलांना का नाही नेत?”

“मुलं बाहेरच असतात हो. कुठे चाललास म्हणून त्यांना कोण विचारतं?”

“पण तिथे जाऊन करतात काय?”

“बसतात.”

“मग बसायला खाडीवर कशाला? घरी बसू दे की.”

बाईंनी दोरा दाताने तोडला. “घरी मुलगी बसली की कुणीतरी उठवतं,” त्या म्हणाल्या.

आई हातातल्या ब्लाउजकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “जाऊ दे तिला. पण आठला परत.”

बाईंचा दुसरा नियम नोंदीचा. अर्धा तास झाला की आम्ही गोलात बसायचो आणि जर्नलात लिहायचो. जे दिसलं ते. काही दिसलं नसेल तर ‘काही दिसलं नाही’ असं लिहायचं. एकदा मी फुशारकी मारायला निळं फुलपाखरू लिहिलं. बाईंनी पेन्सिल थांबवली. “वैशाली, डोळे आहेत का बटणं? आज वारा एवढा आहे की माशी टिकत नाही आणि तुझ्याकडे निळं फुलपाखरू?” मी मान खाली घातली. “‘दिसलं नाही’ हीसुद्धा नोंद आहे गं. खोटी नोंद मात्र पुढच्या दहा खऱ्यांना घेऊन बुडते.” रागावून झालं की बाई स्टीलचा डबा काढायच्या आणि हलवून विचारायच्या, आत काय? भोंडल्यात खिरापत ओळखतात तसं. बहुतेक वेळा शेंगदाणे आणि गूळच असायचा, तरी आम्ही उगाच बर्फीपर्यंत जाऊन यायचो.

आता ती गोष्ट, आमच्या दुसऱ्या शरदातली.

पितृपक्ष चालू होता. चाळीच्या गच्चीवर रोज कावळ्यांना पानं ठेवली जात होती. ते बघून बाईंनी आम्हाला काम दिलं. पुढच्या रविवारी घरून चिमूटभर काहीतरी आणायचं, रिंगणात ठेवायचं आणि कोण पाहुणे येतात ते बघायचं. मुली बेत करू लागल्या. जागृती पाटील सुकट आणणार होती. तिचं घर खाडीकाठच्या जुन्या गावात, आई मासे विकायची. नंदा भाताची चार शितं आणणार होती. नंदा आमच्यातली सगळ्यात चांगली बसणारी. ती बसली की चतुर येऊन तिच्या गुडघ्यावर टेकायचा आणि ती पापणी हलवायची नाही.

मला मात्र मोठा शोध लावायचा होता. मुंग्या कुठे जातात ते शोधून काढायचं. त्यासाठी माझ्या सुपीक डोक्यातून अशी युक्ती निघाली की रिंगणाच्या मधोमध काहीतरी खाऊ ठेवायचा आणि त्याभोवती कुंकवाची रेघ ओढायची. मुंग्या कुंकवावरून चालत जातील, त्यांचे पाय लाल होतील आणि मग लाल पावलांचा माग काढत आपण थेट वारुळापर्यंत. आईने सरबताला लिंबू पिळलं होतं, त्याची अर्धी फोड मला मिळाली. कुंकू देवघरातल्या करंड्यातून न विचारता घेतलं. रविवारपर्यंत दम निघेना. शनिवारी दिवेलागणीच्या आधी “जागृतीकडे जाते” असं सांगून मी खाडीकडे पळाले, काठाचं रिंगण घातलं, मधोमध लिंबू ठेवलं, भोवती कुंकू ओढलं आणि सगळं तसंच सोडून घरी आले. सकाळी इतरांच्या आधी जाऊन बघायचं, असा बेत.

दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती. हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

सकाळी पोचले तर पंधरा-वीस माणसं रिंगणापासून दहा हातांवर उभी. फिरायला आलेली, खाडीवर तर्पणाला निघालेली. लाल काठाचं वर्तुळ, मध्ये लिंबू, भोवती कुंकू आणि दिवस अमावास्येचा. आणखी काय हवं? सावंतकाकू तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. “अगो बाय माझे, कोणीतरी मोठी करणी केल्यान,” त्या म्हणत होत्या. मग कुणीतरी काठ ओळखला. “अरे, हे त्या बिनकाठाच्या बाईचं आहे. पोरींना घेऊन बसते ना इथे.”

एव्हाना मुलीही जमल्या होत्या. मग बाई आल्या. गर्दीने वाट दिली.

“बाई, हे तुमचं का?” एकाने विचारलं.

बाईंनी खाली काठाकडे बघितलं. मग आम्हा अकराजणींकडे बघितलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. माझ्यावर नजर आली आणि न थांबता पुढे गेली. 

“हो. माझं आहे,” त्या म्हणाल्या.

त्या सरळ रिंगणात शिरल्या आणि लिंबू हाताने उचललं. गर्दीतून “अहो, अहो!” असा आवाज आला. बाईंनी लिंबाचा वास घेतला. “पिळलेलं आहे हो. उताऱ्याला पिळलेलं लिंबू ठेवलेलं कुणी बघितलंय का? मुंग्यांसाठी आहे हे.” बाईंनी लिंबू पिशवीत टाकलं, काठ गुंडाळला आणि आम्हाला म्हणाल्या, “आज घरी जा.” मी घरी गेले. मुंग्यांकडे बघायचं राहूनच गेलं.

सोमवारपर्यंत ठाकुर्लीत गोष्ट भलतीच वाढली होती. बाई मुलींना अमावास्येला मंत्र शिकवतात. साड्यांचे काठ त्यासाठीच कापतात. सावंतकाकूंच्या नातवाला त्याच आठवड्यात ताप आला, मग तर पुरावाच मिळाला. एकेका घराने मुलगी पाठवणं बंद केलं. आईही म्हणाली, “नको जाऊस. आपल्याला काय करायचंय?” पुढच्या रविवारी मी खिडकीतून बघितलं. बाई एकट्याच पायवाटेने खाडीकडे जात होत्या, खांद्याला पिशवी, हातात स्टीलचा डबा.

माझ्या एका वाक्याने सगळं मिटलं असतं. लिंबू मी ठेवलं, एवढंच. ते मी बोलले नाही. मार बसेल याची भीती होती, कुंकू चोरल्याची भीती होती आणि सगळ्यात जास्त भीती याची, की ‘हिच्यामुळे बंद झालं’ असं मुली म्हणतील. बाईंनाही सांगायला गेले नाही. रोज शाळेतून येताना त्यांच्या जिन्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. तो पंधरवडा आठवला की अजून स्वतःची लाज वाटते.

नवरात्रात चाळीच्या अंगणात भोंडला होता. पाटावर हत्ती काढलेला, पोरी फेर धरून. तेवढ्यात फाटकातून बाई आल्या. गाणं अर्ध्यात थांबलं. बायका कठड्याशी गोळा झाल्या. बाईंनी पिशवीतून माझा काठ काढला आणि आईच्या हातात दिला.

“बाकीच्या दहा मुलींचे काठ तुमच्या तुमच्या घरी आहेत. हा तेवढा माझ्याकडे राहिला होता,” त्या म्हणाल्या. हा राहिला कसा, ते सांगितलं नाही. “मुलींना पाठवा, असं मी म्हणत नाही. पण एकदा तुम्ही या. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी, दुपारी, भांडी झाल्यावर. त्यांच्या जागेवर अर्धा तास बसा. त्यानंतरही वाटलं की काही वाईट आहे, तर काठ तिथेच जाळा. काडेपेटी मी आणते.”

आई काठ बोटांत फिरवत होती. शिवणकाम करणारी बाई ती, तिचा जीव भलतीकडेच अडकला होता. “एवढा चांगला रुईफुलाचा काठ,” ती कळवळून म्हणाली, “कापवला कसा हो तुम्हाला?”

“अंगावर होता तेव्हा तो लोक बघायचे,” बाई म्हणाल्या. “जमिनीवर ठेवला तेव्हा मला काहीतरी बघायला मिळालं.”

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आठजणी गेल्या. सावंतकाकू आल्या, पण पायवाटेवरच उभ्या राहिल्या, साक्षीदार म्हणून. सगळ्यात आधी जागृतीची आई जाऊन बसली. “मना कसला भ्याव?” ती म्हणाली. “आमचा जलम गेला या खाडीवर.” मग बाकीच्या बसल्या. माझ्या जागेवर, ज्या जागेवर लिंबू सापडलं तिथेच, बाईंनी माझ्या आईला बसवलं. आम्ही मुली लांब उभ्या. आईला काही दिसलं नाही तर सगळं संपलं, हे मला कळत होतं.

आई आधी चुळबुळली. पदर सारखा केला, मागे वळून माझ्याकडे बघितलं, हातावर घड्याळ नव्हतं तरी मनगटाकडे बघितलं. मग आघाड्याच्या दोन काड्यांमध्ये तिला काहीतरी दिसलं असावं, कारण ती पुढे झुकली. तिथे कोळ्याचं जाळं होतं. मधोमध पांढऱ्या नागमोडी रेघा घालतो ना, तो कोळी. आईची पाठ हळूहळू सैल पडत गेली. तिला असं नुसतं बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ती बसायची, पण हातात हुक असायचे, नाहीतर भाजी.

“झाला अर्धा तास. उठा,” बाई म्हणाल्या.

“थांबा हो जरा,” आई मान न वळवता म्हणाली. “त्याची ओळ पुरी होतेय.”

त्या दिवशी कुणीही काडेपेटी मागितली नाही. सावंतकाकू मात्र पायवाटेवरूनच परत गेल्या. घरी येताना आई पायवाटेच्या कडेच्या गवतात वाकून वाकून बघत होती. मग म्हणाली, “काय नीट टाके घालतो गं तो, एक वाकडा नाही.” आणि चाळीच्या फाटकाशी आल्यावर, माझ्याशी नाही, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “लग्न झाल्यापासून अर्धा तास कुणी माझ्याकडे काही मागितलं नाही, असं आज पहिल्यांदा झालं.” रविवारी तिने स्वतः मला उठवलं.

अकरापैकी सात मुली परत आल्या. चार आल्याच नाहीत. त्यात नंदा होती. तिच्या वडिलांनी काठ बंबात घातला, असं तिने मला शाळेत सांगितलं आणि मी तेव्हाही काही बोलले नाही. बाई मात्र नंदाची जागा रिकामी ठेवायच्या. तिथे दुसऱ्या कुणाला बसवलं नाही.

दहावीपर्यंत मी प्रत्येक शरदात त्या जागेवर बसले. आज मी कल्याणला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. काचा पुसते आणि बघतेही. नवीन मुली घाईघाईने रिपोर्ट लिहायला लागल्या की त्यांचं पेन थांबवते आणि म्हणते, दिसलं का नक्की? नसेल दिसलं तर तसं लिही. त्या आपसांत माझ्या नकला करतात, मला माहीत आहे. करू देत. एकाही पेशंटला चुकीचा रिपोर्ट गेला नाही, याचं श्रेय माझं नाही, बाईंचं आहे. त्या भेटल्या नसत्या तर मी निळी फुलपाखरं लिहीत राहिले असते.

पुढे बाईंचे गुडघे गेले. आम्हाला बसायला शिकवणाऱ्या बाईंना जमिनीवर बसता येईना. ठाकुर्लीची जागा सोडून त्या शहाडला भाचीकडे राहायला गेल्या. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायचे. तळमजल्याच्या खिडकीत खुर्ची टाकून बसलेल्या असायच्या आणि खिडकीच्या कठड्यावर त्यांचा रुईफुलाचा काठ दुमडून चौकोनात ठेवलेला. आत एक मनीप्लँटचं पान, थोडी धूळ, कधी एखादी माशी. “पुष्कळ आहे गं,” म्हणायच्या.

माझं लग्न झालं, मुलगी झाली, तरी लिंबाचं ते न बोललेलं वाक्य मनात अडकलेलंच होतं. दोन वर्षांपूर्वी पितृपक्षातच एकदा त्यांच्याकडे बसले होते. चहा झाला आणि मी बोलून टाकलं.

“बाई, ते लिंबू माझं होतं.”

“माहीत आहे,” बाई म्हणाल्या. “दोनच रुईफुलाचे काठ. एक माझ्या पिशवीत होता. मग दुसरा कुणाचा असणार?”

मी रडायला लागले. चाळिशीला टेकलेली बाई मी, हुंदके देऊन रडत होते. “मग तुम्ही माझं आहे म्हणून का सांगितलंत? तुम्ही तर कधी खोटं...”

“खोटं कुठे? साडी माझीच होती. दोन्ही काठ माझेच.” त्या हसल्या. मग त्यांनी भाचीला हाक मारून कपाटातली जर्नलं आणवली. शोधून एक उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. बाईंचं ताठ, बारीक अक्षर. ‘सर्वपित्री अमावास्या. वैशालीचं रिंगण. अर्धं लिंबू, पिळलेलं. भोवती कुंकवाची रेघ. मुंग्या:’ आणि त्यापुढे चार ओळी कोऱ्या.

“बाई, तुम्ही मला विचारलं का नाहीत एवढी वर्षं?”

“कुणी ठेवलं ते मला ठाऊकच होतं. तू तुझ्या वेळेने सांगशील म्हणून वाट बघितली.” त्यांनी कोऱ्या ओळींवर बोट ठेवलं. “हे मात्र मला ठाऊक नाही. मुंग्या आल्या का?”

मी डोळे पुसत मान हलवली. “बघितलंच नाही बाई. त्या दिवशी भीतीने जवळ गेलेच नाही त्या जागेच्या.”

“मग प्रयोग अर्धाच राहिला की गं,” बाई म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. माझ्या रडण्यापेक्षा त्यांना त्या मुंग्यांचीच चुटपुट जास्त लागली होती. माफ केलं वगैरे त्या काही बोलल्या नाहीत. निघताना मात्र दारापर्यंत आल्या, भाचीचा हात धरून, आणि म्हणाल्या, “जर्नलात जागा सोडलेली आहे हं.”

गेल्या वर्षी बाई गेल्या. झोपेतच. भाचीने मला एक पिशवी पाठवली. त्यात ते जर्नल होतं, बाईंचा काठ होता आणि स्टीलचा डबा. डबा मी सवयीने हलवून बघितला. आत काही नव्हतं.

यंदा सर्वपित्रीला सुट्टी टाकून मी ठाकुर्लीला गेले. खाडीकडचं ते रान आता बरंच आक्रसलं आहे. चारी बाजूंनी टॉवर आलेत. तरी तिवरांच्या अलीकडे एक पट्टा उरलाय आणि त्यात टाकळा, कुर्डू, आघाडा सगळे आपापल्या जागी हजर होते. मी दोन्ही काठ टोकाला टोक जुळवून एकच मोठं रिंगण घातलं. सकाळीच पिळलेलं लिंबू मधोमध ठेवलं आणि भोवती कुंकवाची रेघ ओढली. कुंकू यावेळी आईकडून मागून आणलं होतं. कशाला हवंय तेही तिला सांगितलं, सगळं, पहिल्यापासून. आई म्हणाली, “त्या बाईने केवढं सोसलं गं तुझ्यापायी.” मग करंडाच हातात दिला.

मी कडेला बसले. फिरायला आलेल्या एक ताई दहा हातांवर थबकल्या. लिंबाकडे, कुंकवाकडे, माझ्याकडे पाहू लागल्या.

“हे... तुमचं आहे का?” त्यांनी भीत भीत विचारलं.

“हो. माझं आहे,” मी म्हणाले. “मुंग्यांसाठी. बसता का?”

त्या बसल्या नाहीत. पण गेल्याही नाहीत.

वीसेक मिनिटांनी पहिली मुंगी आली, पूर्वेकडून. तिच्यामागून दुसरी, मग ओळच. मी पिशवीतून जर्नल काढलं, ते पान उघडलं आणि त्या चार कोऱ्या ओळींत लिहिलं:

‘मुंग्या आल्या. कुंकवाच्या रेघेपाशी थांबल्या, मिशा हलवल्या, रेघ न ओलांडता वळसा घालून निघून गेल्या. पाय लाल झाले नाहीत. लिंबू माझं होतं. नोंद उशिरा केली.’